एकाच पेशंटचे दोन केसपेपर: साफ केले तरी पुन्हा का तयार होतात?

दवाखान्याचं सॉफ्टवेअर नुकतंच बदललेल्या किंवा बदलायच्या बेतात असलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितेय. अडचण अशी: नव्या सिस्टीममध्ये एकाच पेशंटच्या दोन, कधी तीन नोंदी दिसतात. रविवारी बसून आपण त्या एकत्र करतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेवढ्याच समोर येतात. आमच्याकडे हे पाच महिने चाललं. शेवटी कळलं की कारण एक नाही, तीन आहेत, आणि वरून तिन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे एकावर उपाय केला तरी बाकीची दोन आपलं काम करतच राहतात.

आमचा दवाखाना सोलापुरात, पूर्व भागात. मी आणि माझे मिस्टर दोघंही जनरल प्रॅक्टिस करतो. काउंटरवर एक सिस्टर, आत एक मदतनीस, एवढाच सगळा कारभार. पेशंट बहुतेक विडी कामगार, यंत्रमागावरचे कामगार आणि त्यांची घरं. घरात तेलुगू, काउंटरवर मराठी, आणि अक्कलकोटकडून येणारे कन्नड बोलणारे. जुना प्रोग्रॅम फॉक्सप्रोवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या डेटाबेसवर, बनवलेला होता. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच थांबवला, तरी आमचा पुढे चालत राहिला, कारण तो कधी रुसला नाही. रुसली ती हार्ड डिस्क. मग संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, अक्षता सोहळ्याला दवाखाना बंद ठेवतो तेव्हा जुन्या डेटाची शेवटची नक्कल काढली आणि नवी सिस्टीम सुरू केली.

दोन नोंदी असल्या तर एवढं काय बिघडतं, असं मलाही आधी वाटायचं. विड्या देऊन दुपारी येणाऱ्या एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. लघवीला जळजळ होती म्हणून आल्या. समोर स्क्रीनवर त्यांची नोंद कोरी होती: ॲलर्जी काही नाही, आधीचं काही नाही. मी कोट्रायमोक्सॅझोल, म्हणजे सल्फा असलेलं औषध, लिहायला घेतलं. मावशींनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून चार घड्या घातलेला पिवळा पडलेला आमचाच जुना केसपेपर काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, मागं असल्याच गोळीनं अंगभर चट्टे उठले होते की वो." कागदावर माझ्याच अक्षरात लाल शाईनं लिहिलेलं होतं: सल्फा देऊ नये. ती ओळ नव्या सिस्टीममध्येही आलेली होती, पण त्यांच्या दुसऱ्या नोंदीवर. मी उघडली होती ती तिसऱ्या आठवड्यात काउंटरवर नव्यानं तयार झालेली. मावशींनी कागद जपून ठेवला नसता तर काय झालं असतं, ते मला रात्री झोपताना आठवत राहिलं. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्यासाठी रविवारच्या साफसफाईचा राहिला नाही.

आधी हे बघा: दुसरी नोंद कधी आणि कुणाच्या लॉगिननं तयार झाली

एकत्र करायला बसण्याआधी दुहेरी नोंदींची यादी काढा आणि प्रत्येक दुसऱ्या नोंदीपुढे ती तयार झाल्याची तारीख, वेळ आणि लॉगिन लिहा. बहुतेक सिस्टीममध्ये ही माहिती असते, फक्त स्क्रीनवर दिसत नाही. व्हेंडरकडून, म्हणजे सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून, रिपोर्ट मागून घ्यावा लागतो. आम्ही चार महिने हे केलंच नाही, म्हणून चार महिने वाया गेले.

यादी हातात आली की तीन ढीग आपोआप पडतात. शेकडो नोंदींची वेळ एकच असेल, समजा रात्री पावणेअकरा, तर त्या इम्पोर्टमधून, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये घेताना, आल्या. वेळ संध्याकाळी सहा ते आठ आणि लॉगिन काउंटरचं असेल तर त्या गर्दीत तयार झाल्या. आणि ज्या दिवशी लाइट किंवा इंटरनेट गेलं होतं, बरोबर त्याच दिवसांच्या आजूबाजूला असतील तर त्या ऑफलाइन टॅबलेटवरच्या.

दवाखान्यातले सगळे एकाच 'ॲडमिन' लॉगिननं काम करत असतील तर ही तपासणी होऊच शकत नाही. पहिलं काम म्हणून प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. सिस्टरला वाटलं की चुका पकडण्यासाठी हे चाललंय. तिला यादी दाखवली, रात्री पावणेअकराचा ढीग दाखवला, तेव्हा तिच्याच डोक्यावरचं ओझं उतरलं. इतके दिवस सगळा दोष तिच्यावर येत होता.

इम्पोर्टचा ढीग: पुढची शून्यं आणि मागची रिकामी जागा

जुन्या प्रोग्रॅममधून डेटा एकदाच आणला तर हा प्रश्न येत नाही. पण एकदाच कुणी आणत नाही. आधी नावं, मग बिलं, मग राहिलेले रिपोर्ट असं टप्प्याटप्प्यानं येतं, आणि प्रत्येक टप्प्यात सिस्टीम विचारते: हा पेशंट माझ्याकडे आहे का? ते ती जुन्या केसपेपर नंबरवरून ठरवते.

आमचे जुने नंबर ००४५७ असे. मधे कुणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडून, बघून, सेव्ह करून ठेवली. एक्सेल त्या रकान्याला संख्या समजतं आणि पुढची शून्यं जातात: ४५७. सिस्टीमकडे ००४५७ आहे, फाइल म्हणते ४५७, म्हणजे हा नवा पेशंट. एका रात्रीत दहा हजारांच्या खालचे झाडून सगळे जुने नंबर दुसऱ्यांदा जन्माला आले. आम्ही ते साफ केले, पुढच्या टप्प्यात पुन्हा तेच.

उपाय सोपा आहे. फाइल दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. एक्सेलच्या डेटा मेनूतून आत घ्यायची, आणि त्या वेळी केसपेपर नंबर आणि मोबाइल नंबर हे दोन्ही रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडायचे. सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा प्रकार निवडायचा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नुसती फाइल बघायची असेल तर तिची नक्कल करून नक्कल बघा, मूळ फाइलला हात लावू नका.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये मजकुराच्या रकान्याची लांबी ठरलेली असते. नाव छोटं असेल तर उरलेली जागा स्पेसनं भरली जाते. म्हणजे 'अंबादास' च्या मागे बारा-पंधरा रिकाम्या जागा असतात. माणसाला दोन्ही एकच दिसतात, संगणकाला नाही. इम्पोर्टच्या आधी ट्रिम करून, म्हणजे या रिकाम्या जागा काढून, घ्या. आणि ठरलेल्या लांबीचा उलटा त्रासही आहे: नाव मोठं असेल तर शेपूट कापलं जातं. व्यंकटनरसय्या, मल्लिकार्जुन यांच्यासारखी नावं आणि त्यापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव, हे सगळं पंचवीस अक्षरांच्या रकान्यात मावत नाही. आमच्याकडे वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर उरलं होतं. याचं पुढे काय झालं ते खाली सांगते.

जन्मतारखांकडेही याच वेळी बघा. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/०२ ही ५ फेब्रुवारी न राहता २ मे होते. तेराव्या तारखेपासून पुढच्या तारखा उलटू शकत नाहीत, कारण तेरावा महिना नाही. त्या जशाच्या तशा मजकूर म्हणून पडून राहतात. त्यामुळे नमुना म्हणून २५ तारखेचा पेशंट उघडलात तर सगळं बरोबर वाटेल. तपासायचं तर बारा तारखेच्या आतले पेशंट उघडा. मोठ्यांच्या बाबतीत तीन महिन्यांनी फार बिघडत नाही. पण ५ फेब्रुवारीला जन्मलेल्या बाळाला नऊ महिने ५ नोव्हेंबरला पूर्ण होतात. तारीख उलटली की सिस्टीम त्या बाळाच्या गोवर-रुबेलाच्या डोसची आठवण फेब्रुवारीत करून देते. डीबीएफमध्ये तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं साठवलेली असते, म्हणून उलटलेल्या तारखा हातानं दुरुस्त करत बसू नका. मूळ फाइलवरूनच पुन्हा घ्या.

काउंटरचा ढीग: नाव सापडत नाही, म्हणून नवं

हा ढीग दिसायला छोटा, पण हाच रोज वाढतो. संध्याकाळी बाकावर पंधरा-वीस माणसं, एक बाळ रडतंय, सिस्टर नाव टाइप करते, यादीत काही येत नाही, ती 'नवीन पेशंट' दाबते. तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. प्रश्न असा की नाव असूनही का येत नाही?

आपलं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे सोलापुरात सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्राम, सिद्धव्वा ही नावं घरोघरी. आता 'सिद्ध' टाइप करताना बरेच जण 'सिध्द' करतात. द ला ध जोडायचा, तर उलट ध ला द जोडला जातो. वाचताना कुणाला खटकत नाही, पण संगणकासाठी ती दोन वेगळी नावं. आमच्या यादीतल्या दुहेरी नोंदींमध्ये सगळ्यात जास्त वेळा हीच जोडी सापडली. मग सुनिता-सुनीता, ज्योति-ज्योती, व्यंकटेश-वेंकटेश, लक्ष्मीबाई-लक्ष्मव्वा.

यापेक्षा अवघड प्रकार कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांत आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आता अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो तिच्यात, दोन पद्धतींनी लिहिता येतो: एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. आमची जुनी मराठी नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती, ती कन्व्हर्टरनं बदलली, आणि त्या कन्व्हर्टरनं एक पद्धत वापरली. सिस्टरचा कीबोर्ड दुसरी वापरतो. त्यामुळे कुऱ्हाडे कधीच सापडले नाहीत, कितीही शुद्ध लिहिलं तरी. हे आमच्या नाही, व्हेंडरच्या हातात होतं. त्याला दोन्ही नावं एकाखाली एक पाठवली आणि म्हटलं, यांची तुलना करून बघ. सगळ्या नावांत एकच पद्धत ठेवून दिल्यावर ती आडनावं सापडायला लागली.

शुद्धलेखनाचा तक्ता काउंटरवर चिकटवून हे सुटत नाही, आम्ही करून पाहिलं. सुटलं ते शोधायची पद्धत बदलल्यावर. आता सिस्टर नाव शेवटी टाइप करते. पहिला प्रश्न: जुना कागद आहे का? असेल तर जुना नंबर. नसेल तर मोबाइल नंबर, आणि नंबर बदलला असेल तर आधीचा कोणता होता, किंवा घरातलं दुसरं कोण इथं येतं. आमच्याकडच्या बायकांचा नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्याला कामाला गेला की नंबर बदलतो. एवढं करूनही सापडलं नाही तर आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि जन्माचं अंदाजे साल. त्यानंतरच 'नवीन'.

'पहिल्यांदा आलात का?' हा प्रश्न आम्ही बंद केला. लोक त्याचा अर्थ 'या दुखण्यासाठी पहिल्यांदा का?' असा घेतात आणि हो म्हणतात. तसंच नाव आपण वाचून दाखवायचं नाही, त्यांना सांगायला लावायचं. "तुम्ही लक्ष्मीच ना?" म्हटलं की आजारी माणूस मान हलवतो.

बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींसाठी एक प्रश्न जास्तीचा ठेवलाय: लग्नाआधीचं नाव काय? लहानपणचे तिचे सगळे कागद आमच्याचकडे असतात, पण माहेरच्या नावावर. आणि आपल्याकडे लग्नात काही घरांत पहिलं नावही बदलतं. अशा मुलीच्या लहानपणीच्या झटक्यांची नोंद माहेरच्या नावाखाली पडून राहिली तर बाळंतपणाच्या वेळी ती कुणालाच दिसणार नाही.

आभा नंबरानं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या नंबरानं, हे सगळं सुटेल असं मला वाटलं होतं. चौदा आकडी नंबर, एका माणसाचा एक, तर शोधाशोधच नको. ज्यांचा नंबर नोंदीला एकदा नीट जोडला गेलाय त्यांच्याबाबत खरोखरच सोपं झालं. पण जोडताना सावध राहा. आधारवरून आभा काढलेलं असेल तर नाव आधारवरचं येतं, आमच्याकडे घरातलं नाव असतं, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर तिसरंच. क्यूआर कोड स्कॅन केला आणि नाव जुळलं नाही की सिस्टीम मुकाट्यानं नवी नोंद करते. म्हणून आधी जुनी नोंद शोधून उघडायची आणि त्या नोंदीच्या आतून आभा जोडायचं. आभा घेणं ऐच्छिक आहे, त्यामुळे नसलेल्या पेशंटला अडवायचं नाही.

लाइट गेल्यावरचा ढीग

यात फार सांगण्यासारखं नाही. नेट गेलं की टॅबलेट ऑफलाइन चालतो, पण त्यात सगळ्या पेशंटची यादी नसते, फक्त अलीकडच्यांची असते. म्हणून जुना पेशंट 'नवा' म्हणून नोंदला जातो आणि नेट आलं की ती नोंद वर चढते. उपाय: ऑफलाइन असताना नवी नोंद करायचीच नाही. साध्या कागदावर लिहायचं, नेट आल्यावर शोधून मूळ नोंदीत चढवायचं. आम्ही छापील केसपेपरचं एक पॅड त्यासाठीच ठेवलंय. वायफायच्या राउटरला छोटा बॅकअप लावल्यावर हा ढीग जवळपास संपलाच.

एकत्र करताना: घाई केली की जास्त मोठी चूक होते

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

व्हेंडर म्हणाला, नाव, आडनाव, मोबाइल आणि जन्मतारीख जुळली की आपोआप एकत्र करून देतो. चार गोष्टी जुळतायत म्हटल्यावर मी हो म्हटलं. आमच्याकडे एका मोठ्या घरातले दोन चुलत भाऊ येतात. दोघांचं नाव आजोबांवरून, दोघंही अंबादास म्हणूया. आडनाव एक, मोबाइल काकांचा एकच. वडिलांची नावं वेगळी, पण जुन्या रकान्यात त्यांचं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं आणि ते दोघांचं 'न'. जन्मतारीख दोघांची १ जून, साल तेच. महाराष्ट्रात शाळेत घालताना मास्तरांनी किती मुलांची जन्मतारीख १ जून लावली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सिस्टीमनं दोघांचा एक माणूस केला. एकाला मधुमेह, दुसऱ्याला फिट्सच्या गोळ्या चालू. एकाच स्क्रीनवर मेटफॉर्मिन आणि फेनिटोइन, आणि त्याखाली दोघांचे साखरेचे आकडे एकाआड एक.

दोन नोंदी असल्या तर माहिती अपुरी दिसते आणि डॉक्टर विचारतो. दोन माणसं एक झाली तर माहिती पूर्ण दिसते आणि डॉक्टर विचारतच नाही. त्यात आमच्या सिस्टीममध्ये एकत्र केलेलं मागे घेता येत नाही. जुने कागद काढून, तारखा लावून, मिस्टरांनी आणि मी तीन संध्याकाळी बसून ते दोन भाऊ वेगळे केले.

त्यानंतर आम्ही असं ठरवलंय. आपोआप एकत्र करणं बंद. दुहेरी वाटणाऱ्या नोंदींवर आधी फक्त खूण करायची, आणि त्याच दिवशी एका नोंदीवरची ॲलर्जी दुसऱ्या नोंदीवर लिहून टाकायची. एकत्र व्हायला महिना लागला तरी सल्फाची ओळ दोन्हीकडे दिसली पाहिजे. ॲलर्जी लिहितानाही 'दुसऱ्या नोंदीवरून, पेशंटला विचारायचं' एवढं पुढे लिहायचं, कारण माणूस वेगळा निघू शकतो. एकत्र करायचं ते पेशंट समोर बसलेला असताना. वडिलांचं किंवा नवऱ्याचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, आधी कशासाठी आला होतात, हे त्याच्या तोंडून ऐकायचं. १ जून आणि १ जानेवारी या तारखा जुळल्या तर ते जुळणं धरायचंच नाही. १ जानेवारी अशासाठी, की जुन्या प्रोग्रॅममध्ये बऱ्याच जणांचं नुसतं वय होतं आणि इम्पोर्टनं वयावरून सरसकट तीच तारीख बनवली. आणि बटण डॉक्टरनं दाबायचं, सिस्टरनं नाही. तिच्यावर विश्वास नाही असं नव्हे, पण फेनिटोइन कुणाचं हे ठरवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणं बरोबर नाही.

जुने कागदी केसपेपर या काळात फेकू नका, रद्दीत देऊ नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलंय, आणि पेशंटनं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं आहे. मागितल्यावर दोनपैकी एकच नोंद छापून दिली तर अर्धा इतिहास आपल्याचकडे राहतो आणि पेशंट तो अर्धाच कागद घेऊन पुढच्या डॉक्टरकडे जातो. आमच्याकडे छापण्याआधी खूण आहे का ते बघतात, असेल तर दोन्ही नोंदी छापतात.

आता दर सोमवारी सकाळी मी मागच्या आठवड्यात तयार झालेल्या नव्या नोंदींची यादी काढते, मोबाइल नंबरप्रमाणे लावून. एकाच नंबरवर दोन सारखी नावं दिसली की वेळ आणि लॉगिन बघते. दहा मिनिटांचं काम. गेल्या महिन्यात तीन निघाल्या, तिन्ही काउंटरच्या, त्यातल्या दोन 'सिध्द' च्या. जुन्या ढिगातल्या चाळीसएक जोड्या अजून बाकी आहेत. त्यांच्या नावांचा कागद सिस्टरच्या खणात आहे, आणि त्यांतलं कुणी आलं की ती केसपेपरच्या कोपऱ्यावर लाल पेनानं दोन रेघा मारून आत पाठवते.